पाटीला पाजलेला उजेड

फार पूर्वी, दोन उंच डोंगरांच्या मधे एक दरी होती. तिथं सूर्य उशिरा यायचा आणि पाहुण्यासारखा लवकर निघून जायचा. त्या दरीत एक घोंगडी विणणारी बाई राहत होती. तिचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, जंगलाला लागून. घरात एक माग, ठकू नावाची लहानगी लेक, आणि मागच्या अंगाला कुडाचं कुंपण घातलेल्या वाडग्यात थोडी मेंढरं. नवरा तापानं गेलेला. दरीतले लोक तिला ठकूची आई म्हणत.

या लोकांना एकच भीती होती, पण ती पिढ्यान्‌पिढ्यांची होती. वरच्या कपारीत एक जनावर राहायचं. ते वाघ होतं की आणखी काही, हे जवळून बघून सांगायला कुणी परत आलेलं नव्हतं. त्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. नुसतं ‘ते’ म्हटलं की पोरंसुद्धा गप्प व्हायची. ते काठीला भीत नसे, आरडाओरड्याला भीत नसे. बिचकायचं ते फक्त उजेडाला.

म्हणून वस्तीच्या मधोमध एका टेकाडावर मोठी आगटी पेटलेली असे. रोज दिवेलागणीला एका घराची पाळी. त्या घरानं लाकडं वाहून न्यायची आणि उजाडेपर्यंत आगटी जागती ठेवायची. तिचा उजेड सगळ्यांच्या दारापर्यंत पोचायचा. तिथलाच विस्तव खापरीत घालून जो तो आपल्या चुलीला न्यायचा. दरीत फारसे कायदे नव्हते. एक मात्र होता: विस्तवाला नाही म्हणू नये.

ठकूच्या आईला ही पाळी जिवावर यायची. तिचं घर टोकाला, टेकाड लांब. पाठीवर ठकू, डोक्यावर मोळी आणि दोन्ही बाजूंना अंधारलेली झुडपं. एकदा अशीच निघाली असताना तिचा कुत्रा मागं मागं येत होता. मधेच त्याच्या पावलांचा आवाज थांबला. तिनं वळून बघितलं तर वाट रिकामी होती. कुत्रा भुंकला नव्हता, केकाटला नव्हता. नुसता नव्हता. त्या दिवसापासून तिची पाळी आली की सकाळपासूनच तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशात एक फिरस्ता दरीत आला. त्याच्या गाढवावर काळ्या चकचकीत पाट्या होत्या, पेट्या होत्या आणि काचेचे दिवे होते. पाटी छपरावर ठेवायची, ती दिवसभर ऊन पिते. प्यालेलं ऊन पेटीत साठतं. संध्याकाळी पेटीला दिवा जोडला की लख्ख उजेड. लाकूड नको, तेल नको, धूर नको. लोकांनी तोंडात बोटं घातली.

फिरस्ता लबाड नव्हता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं सगळ्यांनी त्याच्याच नावानं बोटं मोडली. त्यानं सगळं नीट सांगितलं होतं. पेटीवर एक हिरवा मणी होता. पाटी उजेड प्यायला लागली की तो मणी चमके. तो दाखवून झाल्यावर फिरस्ता म्हणाला, “एवढं ध्यानात ठेवा, बाई. ही पेटी म्हणजे झरा नाही, घागर आहे. जेवढं भरेल तेवढंच ओतता येईल. उजेडापुरतं पुष्कळ पुरेल. पण त्यावर रांधायला जाल तर घागर लवकर उपडी होईल. आणि ऊनच पडलं नाही, तर माझा नाइलाज आहे.”

ठकूच्या आईनं ‘उजेडापुरतं पुष्कळ पुरेल’ एवढं ऐकलं. पुढचं बोलणं चालू होतं तेव्हा ती मनातल्या मनात दिवा कुठं टांगायचा ते ठरवत होती. तिनं आपली सगळ्यात जाड दोन घोंगडी देऊन पाटी घेतली.

आणि खरंच सांगायचं तर पाटीनं तिच्या घराचं सोनं केलं. संध्याकाळी दारात दिवा लागायचा आणि अंगण कुडापर्यंत उजळायचं. ती निवांत मागावर बसायची. धोटा इकडून तिकडं पळायचा, ठकू लोकरीच्या ढिगात लोळायची. सावरीच्या मऊ कापसाच्या उशीवर डोकं ठेवून ती झोपली, की आई उठून एकदा दारातून बाहेर बघायची. अंगणात फक्त उजेड असायचा. कितीतरी वर्षांनी तिला गाढ झोप लागू लागली.

सगळ्यांनीच पाट्या घेतल्या. मग आगटीचं काय झालं, हे तुम्ही ओळखलं असेल. कुणी भांडून पाळी सोडली नाही. आज याचं अंग दुखलं, उद्या त्याच्याकडं पाहुणे आले. “एक दिवस आगटी नसली तर काय बिघडतं, पाट्या आहेत की” असं म्हणता म्हणता आगटी आधी निम्मी झाली आणि मग विझली. राखेवर गवत उगवलं. घराघरांतल्या लाकडांच्या राशी संपल्या, त्या जागी धान्याच्या कणग्या आल्या. चुलीपुरत्या काटक्या रोजच्या रोज वेचायच्या, की झालं.

एकटा कुंभार तेवढा कुरकुरत राहिला. पाटी त्यानंही घेतली होती, आणि तिच्या उजेडात तो रात्री न चुकता मडकी रंगवायचा. पण भाजायला मात्र त्याला भट्टीच लागायची. एकदा हौसेनं त्यानं पेटी जोडून एक गाडगं भाजायचा प्रयत्न केला होता. गाडगं कोमट झालं आणि पेटी रिकामी झाली. ही फजिती तो स्वतःच हसत सांगायचा. त्याच्या ओसरीला वाळलेली लाकडं रचलेली असत आणि भट्टीच्या पोटात नेहमी विस्तव असे. माणूस मात्र तोंडाळ आणि भित्रा. झाडाचं पान पडलं तरी दचकायचा.

त्यानं दारोदार फिरून बघितलं. ठकूच्या आईकडंही आला आणि म्हणाला, की निदान महिन्यातून एकदा तरी मोळी टाक, आगटी अगदी मरू देऊ नये.

ती मागावरून उठलीही नाही. “आता ज्याच्या त्याच्या छपरावर ज्याचा त्याचा सूर्य आहे, कुंभारदादा,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं ती रिकामी वाट होती. त्या वाटेनं पुन्हा जायचं नाही एवढंच तिला माहीत होतं. पण हे तिनं सांगितलं नाही, आणि कुंभाराला ते उद्धट वाटलं. तो पुटपुटत निघून गेला.

त्याच सुमाराला ठकूच्या आईला एक शोध लागला. एकदा पाटी पुसायला खाली काढली होती, तेवढ्यात अंधार पडला. तिनं दिवा लावला आणि पाटी उचलायला गेली, तर पेटीवरचा हिरवा मणी चमकत होता. तिनं दिवा बाजूला केला. मणी विझला. दिवा पुन्हा पाटीसमोर धरला. मणी पुन्हा चमकला.

ती तिथंच मटकन बसली. म्हणजे पाटीला उन्हाचं वेड नव्हतं, तिला नुसता उजेड हवा होता. पेटीतून दिवा लागतो, दिव्यातून पाटी पिते, पाटीतून पेटी भरते. मग तर ही घागर कधी रिती होणारच नाही! फिरस्त्याला तरी हे कळलं होतं का? तिला आपल्या हुशारीचं हसू आलं. हा शोध तिनं कुणाला सांगितला नाही. वेळ पडलीच तर असावा, म्हणून गाठीला बांधून ठेवला.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि दरीत धुकं उतरलं. धुकं दरवर्षी यायचं आणि उन्हं वर आली की निघून जायचं. या वेळी ते गेलंच नाही. दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. मग दिवस मोजण्यातही अर्थ उरला नाही, कारण सकाळ आणि संध्याकाळ सारखीच दिसायला लागली. समोरचं झाड दिसेना, अंगणात हाताला हात दिसेना. वेचलेल्या काटक्या ओल्याकिच्च, चूल नुसती धुमसून विझून गेली. छपरावरची पाटी थेंबांनी भरलेली आणि तिचा मणी आंधळा. ठकूच्या आईनं सुरुवातीला भाकरीही पेटीवरच भाजली, ओल्या लाकडांशी कोण झगडत बसणार म्हणून. दारातला दिवा पिवळा पडू लागला तेव्हा तिनं पाटी छपरावरून उतरवून घरात आणली.

आणि ‘ते’ खाली आलं. पहिल्यांदा कुणाचंतरी वासरू गेलं. मग धनगराच्या कुडाला बाहेरून ओरखडे दिसले, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

दिवस कलायच्या सुमाराला कुंभार जीव मुठीत धरून तिच्या दारात आला. हातात जळती चूड होती. त्यानं सांगितलं, की सगळी वस्ती त्याच्या अंगणात गोळा होतेय. लाकडं आहेत तोवर भट्टीपुढं एकच जाळ करायचा. ज्याच्या पेटीत जे काही उरलंय ते आणायचं, पण एका वेळी एकच दिवा लावायचा. एकाचा संपला की दुसऱ्याचा. असं केलं तर धुकं निघेपर्यंत निभेल.

“पोरीला उचल आणि चल. मेंढरंही घे,” तो म्हणाला. “चूड विझायच्या आत पोचलं पाहिजे.”

ठकूच्या आईनं त्याच्या मागं बघितलं. वाट चार पावलांवर धुक्यात नाहीशी होत होती. याच वाटेवर तिचा कुत्रा नाहीसा झाला होता. पाठीवर ठकूला घेऊन, मेंढरं हाकत, या भित्र्या माणसाच्या विझत्या चुडीमागून जायचं? आणि जायचं तरी कशाला? तिच्याकडं तिचा शोध होता.

ती म्हणाली, “तुम्ही जा, दादा. माझा दिवा संपायचा नाही.”

कुंभारानं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्याला वाद घालायचा होता, पण चूड बोटांपर्यंत आली होती. तो वळला आणि धुक्यानं त्याला गिळलं. तिनं दार लावलं, अडसर घातला.

मग तिनं आधीच घरात आणलेली पाटी भिंतीला टेकवली, कोरडी पुसली. दारातला दिवा काढून पाटीसमोर ठेवला. हिरवा मणी चमकला. तिनं ठकूला मांडीवर घेतलं आणि तो मणी दाखवला. थोडा वेळ असाच जाऊ दे, पेटी भरली की दिवा पुन्हा दारात टांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

अंगण काळोखात बुडालं होतं. आजवर जो उजेड बाहेर पडायचा तो आता पाटी पीत होती.

ती मण्याकडं बघत राहिली. मणी चमकत होता, पण दिवा? दिवा मघापेक्षा लाल झाला होता का? तिनं डोळे चोळले. दिवा पाटीच्या आणखी जवळ सरकवला. मणी क्षणभर तेजाळला आणि तिला धीर आला. पण दिवा आणखी लाल झाला, मग विझू घातलेल्या निखाऱ्याएवढा उरला. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात फिरस्त्याचं ते न ऐकलेलं बोलणं वाजू लागलं. पेटी भरत होती हे खरं, पण चिमटीनं. सांडत होती मुठीमुठीनं. दिव्यातला बराचसा उजेड भिंतीवर, छपरावर, तिच्या तोंडावर पडून वाया जात होता, आणि पाटीला जो मिळत होता त्यातलाही थोडाच पेटीत पोचत होता. तिनं झडप घालून दिवा दाराकडं न्यायला उचलला, आणि तो तिच्या हातात विझला.

“आई, मणी गेला,” ठकू म्हणाली.

मागच्या वाडग्यात मेंढरं बावरून ओरडत होती. ओरडता ओरडता सगळी एकदम गप्प झाली. मग कुडाच्या भिंतीला बाहेरून काहीतरी घासत पुढं सरकल्याचा आवाज आला. सावकाश, काही घाई नसल्यासारखा. मागच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर, तिथून दाराशी. दाराच्या फटीतून ओलसर, उग्र वास आत आला आणि दार आतल्या बाजूला हळूच दबलं.

तिनं ठकूचं तोंड छातीशी दाबून धरलं. छपराखाली चांदईच्या भिंतीला चकमक लटकत होती, कधीपासून कुणी हात न लावलेली. ती तिनं चाचपडत काढली. ठिणगी पडायची, पण धरायला कोरडं काही नको का? तिनं ठकूची उशी दातांनी फाडली. सावरीच्या कापसानं दुसऱ्याच ठिणगीला पेट घेतला आणि भुर्रकन जळून जाऊ लागला. आता लाकूड हवं होतं. सगळ्या घरात कोरडं लाकूड एकच होतं, आणि ते म्हणजे माग.

तिनं विचार केला नाही. विचार केला असता तर हात उचललाच नसता. मागावरचं घोंगडं तिनं कोयत्यानं कापून बाजूला फेकलं आणि मागाची फणी जाळावर घातली. मग आडवी दांडी मोडली. वर्षानुवर्षं लोकरीचं तेल प्यालेलं ते लाकूड चटचट पेटलं. जाळ दाराच्या आत उंबऱ्यापाशी धरला तेव्हा फटीतून उजेड बाहेर गेला आणि दाराचा दाब सुटला. बाहेर काहीतरी मागं हटलं.

ते गेलं नव्हतं. वाडग्याच्या बाजूला कूड मोडल्याचा आवाज आला. मेंढरांत एक घुंगरू बांधलेली मेंढी होती, तिला ठकू ‘माझी छुमी’ म्हणायची. ते घुंगरू एकदा जोरात वाजलं. मग ते घुंगरू डोंगराच्या चढानं वर वर जाऊ लागलं, दर उडीला एकेक ठोका, धुक्यात बारीक होत होत. मग थांबलं. ठकूनं आईकडं बघितलं.

ठकूच्या आईनं मागाचा शेवटचा खांब जाळावर ओढला आणि पितळी थाळा घेऊन कोयत्याच्या मुठीनं बडवायला सुरुवात केली. हात सोलवटले तरी ती बडवत राहिली. खांब अर्धा जळला होता तेव्हा धुक्यात लाल ठिपके दिसले. एक, मग पुष्कळ. सगळी वस्ती चुडी घेऊन आली होती, आणि सगळ्यांत पुढं तो भित्रा कुंभार होता. त्याचे दात थडथड वाजत होते.

कुंभाराच्या अंगणात जाळापाशी येऊन बसल्यावर कुणीतरी तिला विचारलं, की तुझी पेटी कुठंय, तीही रांगेत लावू. तिनं मान खाली घातली आणि जे झालं ते सांगितलं. दिवा पाटीला पाजला, म्हणाली, आणि पाटीकडून पुन्हा दिवा मागत बसले. कुणी हसलं नाही. एक म्हातारा आपल्या पेटीवर हात ठेवून हळूच म्हणाला, की मीही आज तेच करणार होतो.

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार, ठकूच्या आई,” कुंभार म्हणाला. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

“मी तुमच्या आगटीला मोळी दिली नाही,” ती म्हणाली. “आणि आता तुमच्या विस्तवाशी बसलेय.”

“विस्तवाला नाही म्हणू नये,” त्यानं उत्तर दिलं आणि एक लाकूड तिच्या बाजूनं जाळात सरकवलं.

धुकं आणखी बराच काळ राहिलं. एक जाळ आणि एक दिवा, एवढ्यावर सगळी वस्ती तगली. ‘ते’ रोज अंगणाच्या कडेपर्यंत यायचं, उजेडाच्या पलीकडं त्याचे दोन डोळे दिसायचे, आणि रोज ते परत जायचं. मग एका सकाळी डोंगराच्या माथ्यावर ऊन पडलं आणि लोक अंगणात उभे राहून रडले.

ठकूच्या आईनं पाटी फेकून दिली नाही. तिनं ती स्वच्छ पुसून पुन्हा छपरावर ठेवली, कारण दोष पाटीचा नव्हता. हिरवा मणी चमकला, पेटी भरली, दारात दिवा लागला. पण घरात माग नव्हता. त्या हिवाळ्यात ठकू जुन्या, विरलेल्या घोंगड्यात कुडकुडत झोपली. नवा माग उभा राहीपर्यंत आई त्या लख्ख उजेडात रिकाम्या हातांनी बसून राहायची.

टेकाडावरची आगटी पुन्हा पेटली. ठकूच्या आईची पाळी आली त्या संध्याकाळी ती मोळी घेऊन दाराबाहेर पडली. तिला तेवढीच भीती वाटत होती. वळणावर कुंभार चूड घेऊन उभा होता. त्याची पाळी नव्हती. दोघं भीत भीत बरोबर चालत राहिले.

तेव्हापासून त्या दरीत दिवेलागणीला भेटलेली माणसं एकमेकांना ‘बरं आहे ना’ असं विचारत नाहीत. ती विचारतात, “आज ऊन किती आलं?” उत्तर ऐकल्यावर ठरवतात, की आज दिवा किती वेळ लावायचा आणि मोळी केवढी न्यायची. आणि ठकू, अगदी म्हातारी होईपर्यंत, उत्तर देण्याआधी क्षणभर थांबून डोंगराकडं कान लावायची. कुठं घुंगरू वाजतंय का, ते ऐकायला.

तात्पर्य इतकंच: सूर्यानं दिलेलं साठवता येतं, पण साठवलेल्यातून नवा सूर्य काढता येत नाही. आपल्या दारात कितीही उजेड असला तरी गावची आगटी विझू देऊ नये.